साथीच्या काळात विद्यापीठातील कर्मचाऱ्यांचे आरोग्य : अमरावतीचा अनुभव आणि आपल्या परिसरासाठी बोध



वार्षिक अहवालात जमाखर्चाचे आकडे येतात, शस्त्रक्रियांची व बाह्यरुग्णांची संख्या येते. त्याचबरोबर आरोग्याचा एखादा विषय सविस्तर समजावून द्यावा, असा आमचा प्रयत्न असतो. या वेळी आम्ही जो विषय निवडला आहे, तो वरकरणी रुग्णालयाबाहेरचा वाटेल. साथीच्या काळात विद्यापीठासारख्या मोठ्या संस्थेत काम करणाऱ्यांचे आरोग्य कसे राखावे, हा तो विषय होय. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडसंबंधीची जागतिक आरोग्य आणीबाणी ३० जानेवारी २०२० रोजी जाहीर केली आणि ५ मे २०२३ रोजी ती संपल्याचे घोषित केले. धावपळ सरली आहे. त्या तीन वर्षांत काय उपयोगी पडले आणि कोण संरक्षणाबाहेर राहिले, याचा ताळेबंद आता शांतपणे मांडता येतो.

हा विषय पिंपळगाव राजासारख्या गावात का, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ होय. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम अशा पाच जिल्ह्यांचे आहे. आपली मुले तेथील पदव्या घेतात. आपल्या पंचक्रोशीतील अनेक घरांतील कोणी ना कोणी एखाद्या महाविद्यालयात लिपिक, शिपाई, प्रयोगशाळा परिचर, पहारेकरी किंवा सफाई कामगार म्हणून काम करते. विद्यापीठात घडते ते आपल्या घरापर्यंत पोहोचते.

विद्यापीठ म्हणजे कोण कोण?

विद्यापीठ म्हटले की डोळ्यांसमोर प्राध्यापक आणि विद्यार्थी उभे राहतात. प्रत्यक्षात कोणतेही विद्यापीठ चालते ते त्याहून कितीतरी अधिक हातांनी. परीक्षा विभागातील लिपिक, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाहणारे शिपाई, वसतिगृहाचे अधीक्षक, भोजनगृहातील स्वयंपाकी, वाहनचालक, माळी, विजेची व पाण्याची दुरुस्ती करणारे, प्रवेशद्वारावरील सुरक्षारक्षक आणि पहाटे आवार झाडणाऱ्या स्त्रिया, हे सारे त्यात येतात. यांपैकी काही कायम सेवेत असतात. काही जण कंत्राटदाराकडून येतात आणि त्यांचे नाव विद्यापीठाच्या हजेरीपटावर नसते.

साथीच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. २४ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. त्याच सुमारास महाराष्ट्रात शासकीय कार्यालयांतील उपस्थिती पाच टक्क्यांवर आणली गेली. प्राध्यापकांनी घरून संगणकाद्वारे अध्यापन सुरू केले. परंतु फाटकावरचा पहारा घरून देता येत नाही, झाडलोट घरून होत नाही आणि पाण्याची मोटार घरून सुरू करता येत नाही. ज्यांचे वेतन सर्वांत कमी, त्यांचीच प्रत्यक्ष उपस्थिती सर्वांत अधिक, अशी स्थिती निर्माण झाली. आमच्या मते या संपूर्ण विषयाचे मर्म येथेच आहे. संस्थेने साथीपासून बचाव केला की नाही, हे तिच्या सभागृहात ठरत नाही. घरून काम करणे ज्याला शक्यच नाही, अशा माणसासाठी तिने काय व्यवस्था केली यावर ते ठरते.

पूर्वीच्या साथींची साक्ष

हा अनुभव नवा नाही. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईत आले आणि मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना कामासाठी अगदी तोकडी जागा मिळाली. त्यांच्या मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई होते. प्लेगचे जिवंत जंतू हाताळण्याचे ते काम होते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. हाफकिन यांचे नाव आज संस्थेच्या रूपाने अजरामर आहे. त्या खोलीत त्यांच्याबरोबर तोच धोका पत्करणाऱ्या चौघांची नावे मात्र सामान्य वाचकाला ठाऊक नाहीत. त्याच १८९७ साली साथरोग अधिनियम झाला आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने तोच अधिनियम पुन्हा लागू केला.

१९१८ च्या इन्फ्ल्युएंझाची सुरुवातही अशीच बोलकी आहे. १० जून १९१८ रोजी मुंबईत तापाने आजारी असलेले सात पोलीस शिपाई रुग्णालयात दाखल झाले; त्यांपैकी एकाची नेमणूक गोदीवर होती. त्यानंतर जहाज कंपन्यांचे आणि गोदीचे नोकर आजारी पडू लागले. म्हणजे रोग प्रथम गाठला तो दारावर उभ्या असलेल्या माणसांनी. त्या वर्षीच्या दुसऱ्या लाटेत मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक हानी झालेल्या भागांपैकी एक होता. आपल्या भागातील वृद्ध मंडळींनी आपल्या आजीआजोबांकडून 'मानमोडी'च्या ज्या कथा ऐकल्या, त्या याच साथीच्या होत.

धोका नेमका कोठून येतो?

संरक्षण समजून घ्यायचे तर रोगाचा मार्ग आधी समजला पाहिजे. कोविडचा विषाणू बोलताना, खोकताना, शिंकताना, किंबहुना नुसत्या श्वासातूनही बाहेर पडतो. मोठे थेंब जवळच खाली पडतात. अतिसूक्ष्म कण मात्र अगरबत्तीच्या धुरासारखे बंद खोलीत तरंगत राहतात. केंद्र शासनाच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये काढलेल्या सूचनापत्रात असे सूक्ष्म कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात असे सांगून खेळत्या हवेवर विशेष भर दिला होता.

दुसरी गोष्ट अशी की, संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत २ ते १४ दिवस लागू शकतात आणि लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच ती व्यक्ती इतरांना रोग देऊ शकते. काहींना तर लक्षणे दिसतच नाहीत. त्यामुळे 'जो आजारी दिसतो त्यालाच दूर ठेवा' हे धोरण अपुरे पडते. फाटकावर कपाळाजवळ धरलेल्या तापमापक यंत्राने मनाला दिलासा मिळतो. पण ताप नसलेला रोगवाहक त्यातून सहज आत जातो.

तिसरी गोष्ट वस्तूंना स्पर्श करण्याची. सुरुवातीच्या महिन्यांत आपण सर्वांनी भाजीपाला धुतला, वर्तमानपत्रे बंद केली, नोटा उन्हात ठेवल्या. कालांतराने अभ्यास वाढला आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये असे नमूद केले की, दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून संसर्ग होण्याची शक्यता साधारणतः दहा हजारांत एकाहून कमी आहे. हात धुणे आजही आवश्यकच आहे, कारण अतिसार, विषमज्वर यांसारखे कितीतरी रोग त्याने टळतात. परंतु कोविडसारख्या श्वसनाच्या साथीत मुख्य लक्ष हवेकडे द्यावे लागते, हा धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

संरक्षणाच्या पाच पायऱ्या

कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचे शास्त्र सांगते की, संरक्षणाच्या उपायांना एक क्रम असतो. वरच्या पायरीचा उपाय अधिक खात्रीचा आणि खालच्या पायरीचा कमी खात्रीचा. व्यवहारात मात्र बहुधा उलटे होते. मुखपट्ट्या वाटल्या की काम झाले, असे मानले जाते.

पहिली पायरी म्हणजे धोकाच दूर करणे. जे काम टाळता येते ते टाळावे. ज्या अर्जासाठी विद्यार्थ्याला बुलढाण्याहून अमरावतीला जावे लागते, तो अर्ज टपालाने किंवा संगणकावरून घेतला की विद्यार्थी, बसचा वाहक, खिडकीतील लिपिक आणि फाटकावरील रक्षक अशा चौघांची गाठच पडत नाही.

दुसरी पायरी म्हणजे कामाची पद्धत बदलणे. बंद खोलीतील बैठक व्हरांड्यात किंवा झाडाखाली घेणे, गठ्ठे हातोहात न देता ठरलेल्या मेजावर ठेवणे, ही त्याची उदाहरणे.

तिसरी पायरी म्हणजे जागेतच बदल करणे आणि त्यात हवा सर्वांत महत्त्वाची. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या असतील तर हवा एकीकडून येऊन दुसरीकडून जाते. सर्व खिडक्या लावून छताचा पंखा सुरू केला, तर तीच हवा खोलीत फिरत राहते. हवा बाहेर फेकणारा पंखा बसविताना तो दारापासून दूरच्या भिंतीत असावा, म्हणजे हवा संपूर्ण खोलीतून जाते. आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्यात कूलरला पर्याय नाही. येथे एक दिलासा आहे. खिडकीत बसविलेला कूलर बाहेरची ताजी हवा आत घेतो. बंद खोलीतील वातानुकूलन यंत्र तसे करत नाही. अट एवढीच की कूलरच्या समोरची खिडकी उघडी असावी आणि कूलर खोलीच्या आत ठेवलेला नसावा. या उपायाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि तो रात्रंदिवस काम करतो. कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही.

चौथी पायरी म्हणजे वेळापत्रक व नियम. कर्मचाऱ्यांचे दोन किंवा तीन कायम गट करावेत आणि एका गटातील माणूस दुसऱ्या गटात मिसळू नये. एका गटात रोग आला तरी दुसरा गट संस्था चालवू शकतो. साठ वर्षांजवळचे, मधुमेही, उच्च रक्तदाबाचे, दम्याचे कर्मचारी आणि गरोदर स्त्रिया यांना लोकांशी कमी संबंध येणारे काम द्यावे. जेवणाच्या सुट्टीच्या वेळा वेगवेगळ्या असाव्यात, कारण मुखपट्टी काढून, जवळ बसून, गप्पा मारत घालविलेली अर्धी घटका हीच दिवसातील सर्वांत धोक्याची वेळ असते.

पाचवी व शेवटची पायरी म्हणजे अंगावरची साधने. एन-९५ मुखपट्टी सूक्ष्म कणांपैकी किमान ९५ टक्के कण अडविते, पण ती चेहऱ्याला घट्ट बसली तरच. नाकाखाली उतरलेली किंवा बाजूने फट असलेली मुखपट्टी नावापुरती राहते. ओली झालेली मुखपट्टी बदलावी लागते. म्हणून रक्षकाला महिन्याला एक मुखपट्टी देऊन भागत नाही.

अमरावतीची प्रयोगशाळा

या पाच पायऱ्या एकत्र पाहायच्या असतील तर आपल्याच विद्यापीठाचे उदाहरण घ्यावे. मार्च २०२० मध्ये पश्चिम विदर्भातील घशाच्या नमुन्यांची तपासणी नागपूरवर अवलंबून होती. नमुना पाठविणे, तो रांगेत लागणे आणि अहवाल परत येणे यात दिवस जात. तोपर्यंत रुग्णाचे कुटुंब आणि त्याच्यावर उपचार करणारे कर्मचारी अनिश्चिततेत राहत. अशा वेळी कुलगुरू डॉ. मुरलीधर चांदेकर यांच्या कार्यकाळात अमरावती विद्यापीठाने आपल्या आवारात कोविड चाचणीची प्रयोगशाळा उभी केली आणि मे २०२० च्या सुरुवातीस तेथे तपासणी सुरू झाली. वैद्यकीय महाविद्यालय नसलेल्या विद्यापीठाने, सूक्ष्मजीवशास्त्र व जैवतंत्रज्ञानाचे ज्ञान असलेल्या माणसांच्या बळावर, रुग्णसेवेचे हे काम अंगावर घेतले.

अशा प्रयोगशाळेत काम कसे चालते, हे थोडक्यात सांगतो. नमुना तिहेरी वेष्टनात, बर्फाच्या पेटीतून येतो. तो उघडण्याचा क्षण सर्वांत जोखमीचा असतो. म्हणून तो जैवसुरक्षा कपाटात उघडतात. या कपाटातील हवा अतिसूक्ष्म गाळणीतून जाते आणि ती गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडविते. नमुन्यात रसायन घालून विषाणू निष्प्रभ केला जातो. त्यानंतर त्याचे जनुकीय द्रव्य वेगळे काढतात आणि आरटी-पीसीआर यंत्रात ते असंख्य पटींनी वाढवून ओळखतात. प्रत्येक टप्प्याची खोली वेगळी असते आणि कामाचा प्रवाह एकाच दिशेने जातो. संरक्षक पोशाख चढविण्याची जागा आणि उतरविण्याची जागा निरनिराळी ठेवतात. पोशाख उतरविताना संसर्ग होण्याची भीती अधिक, म्हणून त्याचा क्रम ठरलेला असतो आणि दुसरी व्यक्ती त्यावर लक्ष ठेवते.

वऱ्हाडातील मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. नखशिखांत बंद पोशाखात ना पाणी पिता येते, ना घाम पुसता येतो. म्हणून पाळी लहान ठेवणे, पोशाख घालण्यापूर्वी पुरेसे पाणी व मीठ-साखरेचे द्रावण घेणे आणि चक्कर आल्यास त्वरित बाहेर काढणे, ही व्यवस्थाही संरक्षणाचाच भाग ठरते. कर्मचारी विषाणूपासून वाचला आणि उष्माघाताने कोसळला, तर त्या पोशाखाचा उपयोग काय?

प्रयोगशाळेबाहेर येणाऱ्या वापरलेल्या नळ्या, हातमोजे व पोशाख यांची विल्हेवाट हा या साखळीचा शेवटचा दुवा. हा कचरा दुहेरी पिवळ्या पिशवीत, खूण करून, वेगळ्या नोंदीसह जावा लागतो. पिशवी उचलणारा कामगार शास्त्रज्ञ नसतो. पण त्याला पिशवीत काय आहे हे कळणे आणि त्याच्या हातात जाड मोजे असणे हे शास्त्रज्ञाच्या कपाटाइतकेच आवश्यक आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत रुग्णसंख्या झपाट्याने वाढली आणि २२ फेब्रुवारीपासून तेथे पुन्हा टाळेबंदी आली. अशा काळात चाचणीची सोय घराजवळ असणे किती मोलाचे असते, हे वेगळे सांगावयास नको. ज्या संताचे नाव या विद्यापीठाला आहे, त्या गाडगेबाबांनी आयुष्यभर हातात खराटा धरला. झाडणाऱ्याच्या जिवाची काळजी घेणे, हे त्या नावाला शोभणारे काम होय.

परीक्षेचा प्रश्न

६ जुलै २०२० रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घेण्याविषयी सूचना काढल्या आणि २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने या परीक्षा घेतल्याखेरीज पदवी देता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यावर विद्यार्थ्यांच्या बाजूने पुष्कळ चर्चा झाली, आणि ती योग्यच होती. पण परीक्षा म्हणजे प्रश्नपत्रिका छापणारे, बैठक क्रमांक चिकटविणारे, पर्यवेक्षक, पाणी देणारे शिपाई आणि रात्री उशिरापर्यंत गुण भरणारे लिपिक हेही होतात. त्या हंगामात बऱ्याच परीक्षा संगणकाद्वारे घेतल्या गेल्या, ही वर सांगितलेल्या पहिल्या पायरीची योजना होती. पुढे महाविद्यालये १५ फेब्रुवारी २०२१ पासून निम्म्या उपस्थितीने उघडली, पुन्हा बंद झाली आणि २० ऑक्टोबर २०२१ पासून दोन्ही मात्रा घेतलेल्यांसाठी उघडली. या प्रत्येक वेळी वर्ग झाडण्यासाठी, टाक्या धुण्यासाठी आणि बाके हलविण्यासाठी कोणीतरी आधीच्या दिवशी आले होते.

सफाई कामगार : दुहेरी जोखीम

या घटकाविषयी अधिक विस्ताराने लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते. सफाई कामगाराला रोगाचा धोका असतो तसाच औषधाचाही असतो. फरशी व स्वच्छतागृहांसाठी एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण वापरण्याची शिफारस होती. साधारण ३० टक्के क्लोरीन असलेली ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर एक लिटर पाण्यात मिसळली की सुमारे तेवढ्या तीव्रतेचे द्रावण होते. 'जास्त घातले तर जास्त चांगले' हा समज घातक आहे. तीव्र द्रावणाने कातडी सोलवटते, डोळे चुरचुरतात, छातीत घुसमट होते.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे मिश्रण. संडास साफ करण्याच्या बऱ्याच औषधांत आम्ल असते. ते ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळले की क्लोरीन हा विषारी वायू निघतो. लहानशा बंद स्वच्छतागृहात तो माणसाला बेशुद्ध करू शकतो. दोन औषधे कधीही एका बादलीत घालू नयेत, एक वापरल्यानंतर भरपूर पाणी टाकून मगच दुसरे वापरावे आणि खिडकी-दार उघडे ठेवावे. बाटलीवरील सूचना इंग्रजीत असतात. म्हणून निरनिराळ्या औषधांसाठी निरनिराळ्या रंगांच्या बादल्या ठेवणे हा साधा आणि खात्रीचा मार्ग आहे. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० रोजी स्पष्ट केले होते. त्या वेळी अनेक ठिकाणी उभारलेल्या फवारणीच्या कमानी उपयोगाऐवजी अपायच करीत होत्या.

दुसरी जोखीम पोटाची. रोजंदारीवरील माणसाला ताप आला तर तो काय करतो? रजा घेतली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तो पॅरासिटामॉलची गोळी घेऊन कामावर येतो. फाटकावरील यंत्रात ताप दिसत नाही आणि रोग आत शिरतो. त्याला बेजबाबदार म्हणणे सोपे आहे. पण त्याच्या जागी आपण काय केले असते? २० मार्च २०२० रोजी केंद्रीय श्रम सचिवांनी, विशेषतः कंत्राटी व हंगामी कामगारांना कामावरून काढू नये आणि त्यांचे वेतन कापू नये, असा सल्ला दिला होता. २९ मार्चला गृह मंत्रालयाने वेतनाविषयी आदेशही काढला. तो १८ मे २०२० पासून लागू राहिला नाही. साथ मात्र त्यानंतरच खरी पसरली. थोडक्यात, आजारपणाच्या भरपगारी रजेची जबाबदारी संस्थेने स्वतः घेतली तरच ती टिकते.

वाणिज्य शाखेच्या सवयीने आम्ही येथे एक उदाहरणादाखल हिशेब मांडतो. समजा, एका कामगाराची मजुरी दिवसाला ४०० रुपये आहे. त्याला १४ दिवस भरपगारी विश्रांती दिली तर संस्थेचे ५,६०० रुपये खर्च होतात. ती न दिल्यामुळे तो आजारी अवस्थेत आला आणि २० जणांचा विभाग १४ दिवस बंद ठेवावा लागला, तर २८० मनुष्यदिवस वाया जातात. यात औषधोपचाराचा खर्च धरलेला नाही आणि एखाद्या घरातील कर्ता माणूस गेला तर त्याची किंमत कोणत्याच खातेवहीत मांडता येत नाही.

विमा, लस आणि नोंद

३० मार्च २०२० पासून केंद्र शासनाने कोविड रुग्णांच्या सेवेतील आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचे विमा संरक्षण लागू केले व त्यात कंत्राटी कर्मचाऱ्यांचाही समावेश होता. २९ मे २०२० च्या निर्णयानुसार महाराष्ट्र शासनाने कोविडसंबंधित कर्तव्य बजावताना मृत्यू आलेल्या कर्मचाऱ्यांच्या वारसांना ५० लाख रुपयांचे सानुग्रह साहाय्य देण्याचे ठरविले. परंतु असा लाभ मिळण्यासाठी तो माणूस त्या दिवशी त्या कामावर होता, याचा लेखी पुरावा लागतो. ज्याचे नाव कोठल्याच नोंदवहीत नाही, त्याच्या वारसांनी कोणता कागद दाखवायचा? रोजची हजेरी व कामाचे स्वरूप लिहून ठेवणे हेसुद्धा कामगाराच्या कुटुंबाचे संरक्षण आहे.

लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झाले. १ मार्चपासून साठ वर्षांवरील, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील आणि १ मेपासून १८ वर्षांवरील नागरिकांना ते खुले झाले. म्हणजे विद्यापीठातील तिशीचा रक्षक किंवा सफाई करणारी तरुण स्त्री यांची पाळी, एप्रिलमधील भीषण लाट शिखराकडे जात असताना, अद्याप आलेली नव्हती. त्या लाटेने काय होऊ शकते हे अलिगढ मुस्लिम विद्यापीठात दिसले. तेथे अल्पावधीत सेवेतील डझनाहून अधिक अध्यापक आणि शिवाय अनेक निवृत्त व अन्य कर्मचारी मृत्यू पावले. मे २०२१ मध्ये कुलगुरू तारिक मन्सूर यांना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला पत्र लिहून विषाणूच्या प्रकाराचा शोध घेण्याची विनंती करावी लागली. विद्येच्या मोठ्या केंद्रालाही साथ माफ करीत नाही.

कुटुंबीयांनी काय करावे?

आपल्या घरातील कोणी शाळा-महाविद्यालयात काम करीत असेल, तर पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ताप, खोकला किंवा अंगदुखी असताना गोळी घेऊन कामावर जाऊ देऊ नये. घरात बोटावर लावण्याचे ऑक्सिमीटर असेल तर सहा मिनिटे घरातल्या घरात चालून नोंद घ्यावी. प्राणवायूचे प्रमाण ९४ च्या खाली गेले किंवा धाप लागली तर वाट न पाहता रुग्णालयात यावे. मधुमेह व रक्तदाबाची औषधे साथीच्या काळात बंद करू नयेत. कामावरून आल्यावर साबणाने हात धुवावेत. घरातील वृद्धांची निजण्याची जागा खिडकीजवळ असावी. हे नियम कोविडपुरते नाहीत. इन्फ्ल्युएंझा व क्षयरोगासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगांतही खेळती हवा आणि वेळेवर तपासणी यांचा उपयोग होतो.

आमचा प्रस्ताव

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही; ती येईल तेव्हा तयारीला वेळ मिळणार नाही, हे मात्र निश्चित. म्हणून पिंपळगाव राजा व परिसरातील शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी आम्ही विश्वस्त मंडळासमोर चार गोष्टी विचारार्थ ठेवीत आहोत.

एक, कायम व कंत्राटी असा भेद न करता प्रत्येक कर्मचाऱ्याचे वर्षातून एकदा रक्तदाब, साखर व वजन तपासून त्याचे आरोग्यपत्रक तयार करावे, म्हणजे कोणाला अधिक जपावे हे आधीच कळेल. दोन, सफाई कामगारांना जंतुनाशके तयार करण्याचे व वापरण्याचे प्रात्यक्षिक द्यावे. तीन, दात्यांच्या सहकार्याने एक छोटा विश्रांती निधी उभारावा, ज्यातून संसर्गजन्य आजारात घरी राहिलेल्या रोजंदारी कामगाराला त्याच्या मजुरीइतके साहाय्य देता येईल. चार, संस्थाचालकांनी विनंती केल्यास त्यांच्या इमारतीची पाहणी करून खिडक्या, पंखे व कूलर यांविषयी विनामूल्य सल्ला द्यावा.

यांपैकी पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या कामाला मुख्यतः आमचा वेळ लागेल. तिसऱ्यासाठी दात्यांचा हात हवा. वर दिलेल्या उदाहरणानुसार ५,६०० रुपयांत एका घराची चूल चौदा दिवस पेटती राहते आणि एक आजारी माणूस निश्चिंतपणे घरी पडून राहू शकतो. इमारतीवर किंवा यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. या निधीत तसे काही दिसणार नाही. जो रोग पसरलाच नाही, त्याची पाटी कोठे लावणार? तथापि रुग्णालयात दाखल होण्याची वेळ ज्याच्यावर आली नाही, तोही आमचा रुग्णच आहे, असे आम्ही मानतो.

विश्वस्त मंडळाच्या आगामी सभेत या प्रस्तावावर विचार व्हावा आणि आपण सर्वांनी आपल्या सूचना कार्यालयाकडे लेखी अथवा समक्ष येऊन द्याव्यात, ही नम्र विनंती.